वाचवलेलं निवडुंग

निवडुंगाला पाणी घालू नका. आज मी हे इतक्या ठामपणे लिहिते आहे, की जन्मतःच शिकून आले असं वाटावं. तसं काही नाही. त्या उन्हाळ्यात नाशिक रोडच्या आमच्या वसाहतीत घरोघरी एक पत्रक गेलं होतं, आणि त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घाला!!!’ ते पत्रक मी लिहिलं होतं. ती तीन उद्गारचिन्हंही माझीच.

कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. पाणीपट्टीवर लिहिलं, नदीत सोडलेल्या मैल्यावर लिहिलं, शहरभर लावलेल्या शोभेच्या पामच्या झाडांवर तर तीनदा लिहिलं. सावली नाही, फळ नाही, पाखरू बसत नाही, आणि म्हणे सुशोभीकरण! पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत आरोप, मधे प्रश्न, शेवटी मागणी. ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘चौकशी केली असता’ असले शब्द घातले की पत्रक हातात धरल्या-धरल्या मऊ पडतं. म्हणून मी ते घालत नसे. चौकशीही करत नसे, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

इगतपुरीच्या अलीकडे डोंगराकडे वळणारा एक रस्ता तेव्हा रुंद होत होता. एप्रिल संपत आलेला. रस्त्यासाठी झाडं तोडतायत अशी बातमी लागली, म्हणून मी, माझा एक मित्र आणि त्याच्या मामाचा छोटा टेम्पो असे आम्ही तिघे सकाळीच निघालो. टेम्पोला मी आमच्यात धरते, कारण त्या दिवशी खरं काम त्यानेच केलं. वळणावर पोचलो आणि पाहिलं, तर रस्त्याच्या कडेचं निवडुंगाचं अख्खं कुंपण भुईसपाट. फड्या निवडुंग नव्हे. तो तर बाहेरून आलेला. हा इथल्या कातळावरचा, मनगटाएवढ्या गोल कांड्यांचा, अंगावर जोडीजोडीने काटे, जरा चिरला की पांढरा चीक भळाभळा गाळणारा. त्याच्या हात-हातभर फांद्यांचा ढीग जवळच्या आंब्याखाली पडला होता. एकाही फांदीला पान नाही. सगळ्या सुकलेल्या, सुरकुतलेल्या.

‘तहानेने मेलीत गं,’ मित्र म्हणाला.

‘मेली नाहीत. मारलीत,’ मी म्हणाले. पहिली ओळ तयार झाली.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तो बाजाराचा दिवस होता, सगळं गाव घोटीला गेलेलं. आम्ही दोघांनीच घोषणा दिल्या. मग गोणपाट ओले करून त्यांत फांद्या गुंडाळल्या, आणि झटपट टेम्पोत भरल्या. खरं सांगते, इतकी धुंदी मला कुठल्याच मोर्चात चढली नव्हती. मोर्चात निवेदन द्यायचं, पोच घ्यायची आणि घरी यायचं. इथे आम्ही प्रत्यक्ष जीव वाचवत होतो! ढिगातल्या फांद्या एकसारख्या मापाच्या होत्या, एकाच दिशेला तोंड करून नीट रचलेल्या होत्या, नेमक्या सावलीत होत्या. यातलं काहीही मला खटकलं नाही. बुलडोझर कधी फांद्या रचून ठेवतो का? पण हा प्रश्न पडायला डोकं शांत लागतं. निघताना मी आंब्याच्या खोडाला एक कागद बांधला. त्यावर लिहिलं, ‘ही झाडे आम्ही वाचवली आहेत’, आणि खाली वसाहतीचा पत्ता आणि माझा फोन नंबर. चोरी करून पावती ठेवणारी मी पहिलीच असेन.

घाटातल्या त्या उन्हात मित्राने घाम पुसायला हात डोळ्याला लावला. हाताला चीक होता. वाटेत बाटल्यांमागून बाटल्या पाणी मारत, त्याला ओरडू देत, आम्ही थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डोळा वाचला, पण चार दिवस टोमॅटोसारखा राहिला. वसाहतीच्या आवारात फांद्या वाटण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा तो काळा चष्मा लावून बोलला. लोकांना वाटलं मोठा नेता आलाय.

‘दत्तक निवडुंग’ असं आम्ही त्याला नाव दिलं. झुंबड उडाली! कुंड्या संपल्या तेव्हा लोकांनी रंगाचे डबे आणले, फुटक्या बादल्या आणल्या. प्रत्येकाला एक फांदी आणि एक पत्रक. फक्त तळमजल्यावरच्या काकांनी कुंडी आणली नाही. काका सटाण्याकडचे, छापखान्यातून निवृत्त झालेले. छापलेल्या कागदातल्या चुका शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी माझं पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचलं, खिशातून लाल पेन्सिल काढली, आणि पाण्याच्या ओळीभोवती एक गोल काढून मला परत दिलं.

‘थोर शे तो, तुळस नही,’ ते म्हणाले. त्यांच्या अहिराणीत थोर म्हणजे निवडुंग.

मला वाटलं, माणूस जुन्या वळणाचा, उद्गारचिन्हांवर आक्षेप असेल. ‘काका, काळ पुढे गेलाय,’ मी म्हणाले. ते हसले, आपली फांदी विजेच्या मीटरच्या पेटीवर आडवी टाकली आणि पेपर वाचायला आत गेले. मातीसुद्धा नाही! असली माणसं असतात म्हणून आपल्याला लढावं लागतं, असं मी त्या दिवशी आईला तावातावाने सांगितलं.

‘आधी हात धू,’ आई म्हणाली.

सगळ्यांत जाडजूड फांदी मी स्वतःला ठेवली होती. जिन्याच्या वळणावर, प्लास्टिकच्या स्टुलावर, लाल रंगवलेल्या कुंडीत. खाली बशी. मी तिच्या प्रेमात पडले होते, याला दुसरा शब्द नाही. सकाळी उठून आधी तिला पाणी, मग मला चहा. ऊन वाढलं की वर ओढणी. गाळलेलं पाणी घरात माणसांना कमी पडायचं आणि कुंडीतून जिन्यावर ओघळायचं. एकदा तिच्या शेंड्याशी मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला तेव्हा मी तिन्ही मजल्यांच्या बेला वाजवल्या. लोक खरंच आले, खरंच बघितलं. एका आजींनी हळद-कुंकू लावलं.

फांद्या आणल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला होता.

‘आमचं निवडुंग तुमीच नेलं का?’ एका बाईचा आवाज, मागे कोंबड्यांचा कलकलाट.

ठेकेदाराची माणसं बायकांना पुढे करतात, हे मला आमच्या बैठकीत शिकवलं होतं. ‘हे बघा,’ मी म्हणाले, ‘धमक्यांना आम्ही घाबरत नाही!’

‘अगं बाय, धमकी कसली? मी इचारती...’

मी फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. संध्याकाळी मित्रांना सांगितलं, दबाव येतोय. सगळ्यांना फार बरं वाटलं. दबाव आल्याशिवाय लढा लढल्यासारखा वाटत नाही.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी, दार वाजलं. आईने उघडलं. दारात साठीच्या आसपासची एक सडपातळ बाई, हातात कापडी पिशवी, पिशवीतून कोयत्याची मूठ बाहेर. दुसऱ्या हातात तो आंब्याला बांधलेला माझा कागद, चौघडी घालून.

‘हा पत्ता हितलाच का?’

आईने कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मी काही वर्णन करत नाही.

‘मावशी, तुम्ही...’ मी सुरुवात केली.

‘मी त्या वावराची मालकीन. इगतपुरीहून गाडीत बसले, दोन वाटा चुकले, आन् हितं आले. माझं निवडुंग कुठंय?’

मी अजूनही सावध होते. म्हणाले, ‘मावशी, ते तर तोडून फेकलेलं होतं.’

‘फेकलंवतं?’ तिने पिशवी खाली ठेवली. ‘तोडलं रस्तावाल्यानं. पर त्याच्या हातापाया पडून फांद्या मी सोडवून घेतल्या. एकेक कापली, मापानं. सावलीत वाळत घातली. पापडावानी. चीक वाळून कापल्या जागी खपली धरली, की मग रोवायची असत्यात ती. आन् मी बाजारातून येते तर आंब्याखाली नुसता कागुद!’

मग तिने ते सांगितलं, ज्यावर खरं पत्रक निघायला हवं होतं. रस्त्याला लागून तिचा राब होता. पालापाचोळा भाजून तयार केलेला तो तुकडा, ज्यात ती नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप टाकते, आणि मग तेच उपटून वर डोंगरउतारावर लावते. वर्षभराची भाकरी त्या एवढ्याशा तुकड्यातून उगवते. आता रस्त्याच्या बाजूने तो उघडा पडला होता. बी टाकायला पंधरा-वीस दिवस उरलेले. रोप वर आलं की गावच्या बकऱ्या एका दुपारीत फन्ना उडवणार. भरपाई? कागदावर त्या कुंपणाची नोंद ‘झुडपे’ अशी होती. झुडपांना भरपाई नसते. तिच्या सासूने लावलेलं, अंगठ्याएवढी फांदी मधे घालत-घालत वाढवलेलं कुंपण, आणि एका शब्दात झुडपं!

माझं रक्त तापलं. ‘हा अन्याय आहे!’ मी म्हणाले.

‘हाय ना,’ मावशी म्हणाली. ‘त्यानं तोडलं, तू पळवलं. आता दे.’

मी तिला जिन्याच्या वळणावर नेलं. तिने माझं निवडुंग पाहिलं. लाल कुंडी, स्टूल, बशी, डोक्यावर ओढणी, कपाळाला हळद-कुंकू. ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली, की वरच्या मजल्यावरचे लोक वाकून बघायला लागले.

‘अगं, जावई हाय का त्यो? पानी पाजलं?’

‘रोज दोनदा,’ मी म्हणाले.

तिचं हसणं तिथेच थांबलं. तिने कांड्याचं बूड चाचपलं. अंगठा सहज आत गेला, पिकल्या केळ्यात जावा तसा. घाण वास आला. तो हिरवा ठिपका मी बेला वाजवून दाखवला होता ना, तोही कधीचा काळा पडला होता. मला वाटलं होतं, कळी आहे.

‘नासलं,’ ती म्हणाली. ‘समदी अशीच असतील तर माझा राब गेला.’

मी त्या पायरीवर उभी होते आणि पत्रकातली एकेक ओळ मला आठवत होती.

तेवढ्यात तळमजल्यावरचं दार उघडलं. काका बाहेर आले, मीटरच्या पेटीवरची फांदी काढली आणि मावशीच्या हातात दिली. सुरकुतलेली, कापल्या जागी पांढरट, टणक खपली धरलेली. मावशीने ती उलटीपालटी करून पाहिली, जणू हरवलेलं कोकरू सापडलं.

‘एक मानूस हाय हितं शाना,’ ती म्हणाली.

काका खिशातली लाल पेन्सिल चाचपत आत गेले. ती बाहेर काढली असती तर परवडलं असतं.

संध्याकाळी आम्ही बैठक घेतली. मी म्हटलं, शुद्धिपत्रक काढायचं. काळ्या चष्म्यावाला मित्र भडकला.

‘चूक कबूल केली तर पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवील?’

‘या पत्रकावर ज्यांनी ठेवला, त्यांच्या कुंड्यांत वाकून बघ.’

‘मग निदान “काही तांत्रिक कारणांमुळे” तरी लिही.’

मी लिहिलं : ‘निवडुंग आमचे नव्हते. मालकिणीला न विचारता आणले. पाणी घालायला सांगितले तेही चूक. जिवंत असो वा मेलेले, परत द्या.’ एकही उद्गारचिन्ह नाही. हात शिवशिवत होते, पण नाही घातलं.

मावशी रात्री आमच्याकडेच राहिली. सकाळी ते घेऊन ती आणि मी दारोदार फिरलो, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लाजिरवाणा आणि सगळ्यांत मजेचा दिवस ठरला. कारण आकडा न मोजताही एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली. ज्यांनी ज्यांनी माझं ऐकलं, त्यांचं निवडुंग कुजलं. ज्यांनी पत्रक फरसाणाखाली घातलं, त्यांचं ठणठणीत! एका वहिनींनी चहाची पावडर, अंड्याची टरफलं, सगळं घातलं होतं. कुंडीत नुसता काळा लगदा. त्या रडवेल्या झाल्या. समोरच्या दारातल्या मुलीने मात्र फांदी घेतली तशी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि विसरून गेली होती. डिकी उघडली, तर हेल्मेटशेजारी फांदी मजेत पहुडलेली.

‘सॉरी हं, मी काहीच केलं नाही,’ ती म्हणाली.

‘लय उपकार केले!’ मावशी म्हणाली.

त्यानंतर आम्ही प्रत्येक घरी आधी विचारायला लागलो, ‘तुम्ही आळशी आहात का?’ लोक आधी चिडत, मग आत जाऊन गॅलरीच्या कोपऱ्यातून, माळ्यावरून, चपलांच्या मागून जिवंत फांद्या आणून देत. आमच्या वसाहतीत इतकी निष्काळजी माणसं आहेत, याचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

तरी पुरेशा होईनात. मग मावशीने कुजलेल्या फांद्या आवारात मांडल्या, कोयता काढला आणि बुडाकडून चकत्या करायला लागली. काकडीसारख्या. तपकिरी चकती फेकायची, पुढची कापायची. जिथे स्वच्छ पांढरा चीक आला तिथे थांबायचं, आणि कापल्या जागी राख चोपडायची. राख? फ्लॅटमध्ये राख कुठली? मी धावत फाटकाजवळच्या इस्त्रीवाल्याकडे गेले. त्याची इस्त्री अजून कोळशाची. त्याने पत्र्याचा डबाभर राख दिली, वर म्हणाला, ‘ताई, आता कशाचं आंदोलन?’

‘माझ्याविरुद्ध,’ मी म्हणाले.

मित्राचा चष्मा या वेळी कामाचा ठरला. त्याने तो घातला, मी आईचे भांड्यांचे हातमोजे घातले, आणि आम्ही मावशीच्या हाताखाली उभे राहिलो. बघता बघता आवारात गर्दी झाली. प्रत्येक फांदीला लोक श्वास रोखायचे. तपकिरी... तपकिरी... पांढरा! की टाळ्या. कॅरमच्या सामन्यालाही आमच्याकडे एवढा आरडाओरडा होत नाही. माझी ती लाल कुंडीतली फांदी सगळ्यांत शेवटी आली. मावशीने चकती काढली, तपकिरी. आणखी एक, तपकिरी. आणखी एक. हातभर फांदी वीतभर झाली. मी डोळे मिटले. कोयत्याचा आवाज झाला आणि अख्खं आवार ओरडलं. पांढऱ्या चिकाचा एक थेंब, टपोरा, दुधासारखा. मी इतक्या जोरात किंचाळले, की वॉचमन काठी घेऊन आला.

सगळ्या फांद्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मातीशिवाय, पाण्याशिवाय, नीट रचून ठेवल्या. मावशी गेली. जाताना मला म्हणाली, ‘हात लावू नको. बघू पन नको.’ ते दहा दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. तांब्या भरून गच्चीपर्यंत जायचे आणि परत यायचे. शेवटी आईने गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली काकांकडे दिली.

मे सरता-सरता तोच टेम्पो तोच माल घेऊन त्याच वळणावर गेला. या वेळी घोषणा नव्हत्या. मावशीने दोरी धरली, आम्ही पहारीने खड्डे केले, तिने खपली धरलेल्या फांद्या एकेक बसवल्या आणि पायाने माती दाबली. तरी कोपऱ्याशी खिंडार उरलंच. जेवढं आम्ही नासवलं होतं, बरोबर तेवढं. ते तिने बोराटीच्या काटेरी फांद्या रचून बुजवलं. ‘पुढल्या वर्साला यातल्याच फांद्या लावू तिथं,’ म्हणाली. माझी वीतभर फांदी मी पिशवीतून काढली. मनात होतं, ही ती मला ठेवायला सांगेल. तिने ती घेतली आणि अगदी रस्त्याच्या कडेला, धुळीत, रोवली.

‘हितं ऱ्हाऊ दे. हितं कोन लाड करनार नाय त्याचे.’

आषाढात मी एकटीच एसटीने गेले. पिशवीत नव्या पत्रकाचा गठ्ठा होता. ‘कुंपणाला झुडपे म्हणू नका’. आरोप, प्रश्न, मागणी, सगळं होतं; पण छापण्याआधी ते मी फोनवर मावशीला वाचून दाखवलं होतं. तिने दोन वाक्यं काढायला लावली होती आणि एक घालायला. ते एकच वाक्य पत्रकात चांगलं होतं.

वळणावर उतरले आणि पायच थबकला. काळ्या-करड्या कांड्यांच्या शेंड्यांवर जाड, चकचकीत हिरव्या पानांचे झुबके फुटले होते. सगळ्यांना नाही. काही फांद्या वाळून गेल्या होत्या. पण त्या धुळीच्या कडेला माझी वीतभर, तिच्यावर दोन पानं! दोनच, पण सशाच्या कानांसारखी उभी. मी रस्त्यातच उड्या मारल्या. कुंपणामागे नागलीचं रोप दाट, हिरवंगार, गादीसारखं पसरलेलं; आणि त्यात वाकलेली मावशी, पुढे लावणीसाठी मुठी-मुठीने रोप उपटत होती.

तेवढ्यात बकऱ्या आल्या. पुढची तांबडी बकरी सरळ कुंपणाकडे गेली. मान लांब केली, आत हिरवं पाहिलं, निवडुंगाला तोंड लावलं. चुरर्र. ओठ वर करून, नाक फेंदारून ती मागे सरली, दोनदा शिंकली. बोराटीपाशी गेली, तिथेही टोचलं. मी बघतच राहिले. इतकं सुंदर आंदोलन मी आजवर पाहिलं नव्हतं. मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं, जवळ आली, आणि माझ्या पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा ओढला.

‘ए! सोड!’ मी ओढते, ती ओढते. तोवर बाकीच्याही आल्या. आरोप एकीने खाल्ला, मागणी दुसरीने.

मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि त्या जिन्यावर हसली होती तशीच हसली.

‘ऱ्हाऊ दे गं. येताना आनत जा तसली,’ ती म्हणाली. ‘बकऱ्या भाईरच थांबत्यात. आन् आता चप्पल काढ, आत ये, रोप धर. पन माझ्या निवडुंगाला हात नको लावूस.’